एका वाचक मैत्रिणीने विचारलंय: रोज नेमक्या किती कॅलरी लागतात? दोन ॲप दोन वेगळे आकडे दाखवतात, खरा कुठला?

तुमचं वय 34, उंची 158 सेंटिमीटर, वजन 68 किलो, काम बैठं, संध्याकाळी अर्धा तास चालणं. एक ॲप 1340 म्हणतं, दुसरं 2070. गंमत म्हणजे दोघांचं गणित बहुधा एकच आहे, फक्त पहिलं अर्ध्यावर थांबलंय.

बरीच ॲप मिफ्लिन-सेंट जिओर हे 1990 सालचं समीकरण वापरतात. वजन गुणिले 10, अधिक उंची गुणिले 6.25, उणे वय गुणिले 5, आणि बायकांसाठी शेवटी उणे 161 (पुरुषांसाठी अधिक 5). तुमचे आकडे घातले की 680 + 987.5 − 170 − 161, म्हणजे साधारण 1340. हा झाला बीएमआर (बेसल मेटाबॉलिक रेट). दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी शरीर एवढं जाळणारच. 'एवढंच खा' असा त्याचा अर्थ नाही.

दुसऱ्या ॲपने त्यालाच 1.55 ने गुणलंय, कारण तुम्ही 'मॉडरेटली ॲक्टिव्ह' (मध्यम हालचाल) निवडलं असणार. सगळेच निवडतात! बैठ्या कामाला 1.2 धरतात, थोडीफार हालचाल असेल तर 1.375. त्या हिशोबाने तुम्ही 1600 ते 1840 च्या मध्ये कुठेतरी आहात. अर्ध्या तासाच्या चालण्यावर फार भिस्त ठेवू नका, त्यात शंभर-सव्वाशे कॅलरी जातात. परत आल्यावर मूठभर शेंगदाणे खाल्ले की हिशोब फिटला.

मी तुमच्या जागी 1650-1700 धरून सुरुवात करेन. ते समीकरण अमेरिकेतल्या 498 लोकांच्या मोजमापांवरून बसवलेलं आहे, आणि आपल्याकडे तेवढ्याच वजनात स्नायू कमी, चरबी जास्त असते, म्हणून आकडा जरा खालचाच बरा. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2020 मध्ये 55 किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या स्त्रीसाठी 1660 चा आकडा दिलाय, तोही याच्या आसपासच येतो.

आता खरी परीक्षा. महिनाभर खाल्लेलं लिहून काढा आणि रोज सकाळी, चहाच्या आधी वजन करा. रोजचा आकडा बघून जीव टांगणीला लावू नका, आठवड्याची सरासरी काढा. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून वजन किलो-दीड किलोनेही वर जाऊ शकतं, म्हणून तुलना करायची ती या पाळीनंतरच्या आठवड्याची मागच्या पाळीनंतरच्या आठवड्याशी. वजन स्थिर असेल तर तुम्ही खाताय तीच तुमची गरज. चार आठवड्यांत एक किलो उतरलं, तर रोजच्या खाण्याच्या आकड्यात 275 मिळवा, ती तुमची गरज (एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने 7700 कॅलरी, भागिले 28).

लिहिताना सगळ्यात जास्त चुकतं ते तेल. पोळ्या मोजता येतात, पण 'एक वाटी बटाट्याची भाजी' यात फोडणीचं तेल किती गेलं हे कुठलं ॲप सांगणार? आमच्याकडे मी उलटीकडून मोजते. घरात माणसं चार, तेल महिन्याला चार लिटर, म्हणजे माणशी एक लिटर. लिटरभर तेल साधारण 910 ग्रॅम, ग्रॅमला 9 कॅलरी, म्हणजे जवळपास 8200. तीस दिवसांत वाटलं तर रोज माणशी 270 च्या वर, आणि यात तूप, शेंगदाण्याचं कूट, ओलं खोबरं काहीच धरलेलं नाही. तळण फार असेल तर कढईत उरून टाकून दिलेलं तेल वजा करा. तुम्हीही किराणाच्या यादीवरून हा आकडा काढा, रोजच्या नोंदीत एकरकमी टाका, आणि मग भाज्या बिनतेलाच्या धरून लिहा.

गरोदर असाल, बाळ अंगावर पीत असेल, थायरॉइडची किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर हे गणित बाजूला ठेवून डॉक्टरांना विचारा. एरवी दर पाच किलो उतरल्यावर पुन्हा मांडा, कारण तेवढ्याने रोजची गरज साठ-सत्तर कॅलरींनी खाली आलेली असते.