अर्धशिशीसाठी हट्टाने एमआरआय करावा का?

तुम्ही लिहिलंय की पत्नीची सहा महिन्यांपासून डोक्याची एकच बाजू ठणकते, उलट्या होतात, उजेड सोसवत नाही. न्यूरॉलॉजिस्ट एमआरआय नको म्हणतात आणि घरचे म्हणतात, एकदा करून टाका.

मी 22 वर्षं अर्धशिशी काढतेय. डॉक्टरांनी हातपाय तपासलेत, डोळ्यांत उजेड मारून पडदा पाहिलाय, तर त्यांचं ऐका. अर्धशिशी एमआरआयमध्ये दिसत नाही, तिचं निदान सांगण्या-ऐकण्यातूनच होतं. मी हट्टाने केला होता. मंगळसूत्र, पिना काढून, कानात बोळे घालून अर्धा तास त्या ठकठकाटात पडून राहिले. रिपोर्टमध्ये मेंदूत तीन-चार बारीक पांढरे ठिपके निघाले. अर्धशिशीवाल्यांत असे ठिपके बऱ्याचदा सापडतात, त्यांना उपचार लागत नाहीत. हे कळेपर्यंत महिनाभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाही.

आता माझ्या मावसबहिणीचं सांगते. बाळंतपणाचा बारावा दिवस, डोकं दुखायला लागलं. घरात म्हणाले, जागरण झालंय, वारं लागलंय. पण आडवं पडलं की दुखणं वाढायचं, नजरही धूसर झाली. साधा सीटी स्कॅन नॉर्मल आला. न्यूरॉलॉजिस्टनी विचारलं, "पाणी किती पिते?" आमच्याकडे बाळंतिणीला पाणी बेतानंच देतात, आणि पाणी कमी पडलं की रक्तात गुठळी व्हायचा धोका वाढतो. त्यांनी लगेच एमआर व्हेनोग्राफी करायला लावली. त्यात शिरांमधलं रक्त वाहताना दिसतं. मेंदूतल्या मोठ्या शिरेत गुठळी होती. रक्त पातळ करणाऱ्या औषधांवर ती बरी झाली. नुसत्या "नॉर्मल" रिपोर्टवर घरी गेली असती तर? मला अजून धडकी भरते.

म्हणून कुठला स्कॅन हे डॉक्टरांच्या मनातल्या शंकेवर ठरतं. क्षणार्धात टिपेला पोचलेल्या दुखण्यात आधी सीटीच, कारण ताजा रक्तस्राव त्यात मिनिटांत दिसतो. तिथे थेट इमर्जन्सी गाठायची. ताप येऊन मान आखडली, बोलणं अडखळलं, फिट आली, तरीही तसंच. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच कानशील दुखू लागलं तर ईएसआर ही रक्ततपासणी आधी लागते, कारण तिथल्या रक्तवाहिनीला सूज असू शकते आणि उशीर झाला तर दृष्टी जाऊ शकते.

तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या नाहीत. महिन्यातून किती दिवस पेनकिलर लागते? 10-15 दिवसांच्या वर जात असेल तर गोळ्यांमुळेच डोकं दुखत असू शकतं. कालनिर्णयवर खुणा करा आणि ते पान पुढच्या भेटीला न्या. आणि पत्नी गर्भनिरोधक गोळ्या घेतात का? त्या गोळ्यांनीही शिरेत गुठळी व्हायचा धोका वाढतो. घेत असतील तर भेटीची वाट न बघता डॉक्टरांना उद्याच फोन करून सांगा.