काळ्या मोहऱ्यांसाठी भक्कम बचाव: आधी उंट, मग ई६

आपले रेटिंग १२०० च्या आसपास आहे, रविवारच्या रॅपिड स्पर्धांत काळी मोहरी वाट्याला आली की दहा-बारा चालींतच डाव हातचा जातो, तेव्हा कोणता एक भक्कम बचाव शिकावा, असे आपण विचारले आहे. मी दादरला मुलांना बुद्धिबळ शिकवतो आणि माझे उत्तर ठाम आहे: पांढऱ्याने ई४ खेळले (राजापुढचे प्यादे दोन घरे पुढे) तर कारो-कान, म्हणजे १. ई४ सी६ २. डी४ डी५; डी४ खेळले (वजिरापुढचे प्यादे दोन घरे पुढे) तर स्लाव्ह, म्हणजे १. डी४ डी५ २. सी४ सी६.

दोन्हींत सी६ आणि डी५ ही प्यादी एकमेकांना आधार देतात, त्यामुळे एकाच रचनेचा अभ्यास दोन्हीकडे उपयोगी पडतो. नोकरी आणि लोकलचा प्रवास सांभाळून सराव करणाऱ्याला ही बचत मोठी आहे. ई४ ला ई६ हे उत्तर देणारा फ्रेंच बचावही भक्कमच, पण त्यात ई६ आधी होते आणि सी८ वरचा उंट आपल्याच प्याद्यांमागे कोंडला जातो. तो सोडवण्यातच नवख्याचा वेळ जातो. कारो-कानमध्ये हा उंट आधी एफ५ वर येतो आणि मग ई६ होते. होरेशिओ कारो आणि मार्कस कान यांनी १८८६ मध्ये याचे विश्लेषण प्रसिद्ध केले. पुढे बोटविनिक, पेट्रोसियान आणि कार्पोव या जगज्जेत्यांनीही त्यावर भिस्त ठेवली.

आपल्या पातळीवर कारो-कानमध्ये ३. ई५ वारंवार समोर येईल, म्हणून तिथे अधिक वेळ द्यावा. उंट एफ५ वर आल्यावर पांढरा ४. एच४ खेळतो, तेव्हा सवयीने ई६ करू नये. माझ्या एका विद्यार्थ्याने परळच्या एका स्पर्धेत नेमके तेच केले: ५. जी४ वर उंट ई४ ला, ६. एफ३ वर जी६ ला, आणि ७. एच५ नंतर उंटाला पटावर एकही सुरक्षित घर उरले नाही. मुलगा कितीतरी वेळ त्या उंटावर बोट ठेवून बसला होता. ४. एच४ ला तिथल्या तिथे एच५ हे उत्तर द्यावे, म्हणजे जी४ चा धाक उरत नाही. ई६ त्यानंतर करावे आणि योग्य वेळी सी५ खेळून डी४ वर दाब आणावा; सी५ विसरल्यास डाव भक्कम राहतो खरा, पण काळ्याला हातपाय हलवायला जागा मिळत नाही.

कारो-कानमध्येच ३. ईxडी५ सीxडी५ (x म्हणजे मारणे) नंतर ४. सी४ आले, तर बहुतेक वेळा पांढऱ्याचे डी४ चे प्यादे एकटे पडते. त्याच्या पुढ्यात डी५ वर घोडा बसवावा, मोहऱ्यांची अदलाबदल करत जावे आणि घाई करू नये.

स्लाव्हमध्ये मात्र उंट काढण्याचा मोह थोडा आवरावा लागतो. १. डी४ डी५ २. सी४ सी६ नंतर दोघांचे घोडे बाहेर आले असताना, म्हणजे चौथ्या चालीलाच, उंट एफ५ वर नेला, तर पांढरा सी४ च्या प्याद्याने डी५ वर मारामारी करून वजीर बी३ वर आणतो आणि बी७ चे प्यादे उघडे पडते. म्हणून आधी डीxसी४ मारावे, पांढऱ्याला ए४ खेळू द्यावे आणि मगच उंट बाहेर काढावा.

निदान तीस डाव होईपर्यंत बचाव बदलू नये. प्रत्येक हरलेल्या डावानंतर सी८ चा उंट कितव्या चालीला बाहेर आला आणि ई६ कितव्या चालीला झाले, एवढे दोनच आकडे वहीत लिहून ठेवावेत.