दिवसभरात दूधवाल्याशी बोललो, तेवढंच

ताई,
मी 68 वर्षांचा, सांगलीत राहतो. बँकेतून निवृत्त झालो. दोन वर्षांपूर्वी पत्नी गेली. मुलगी बंगळुरूला असते, दर रविवारी फोन करते. मी रोज सकाळी फिरायला जातो, साखर आटोक्यात आहे, जेवणखाण वेळेवर आहे. पण कित्येकदा दिवसभरात दूधवाल्याशी बोललो, तेवढंच. नातेवाईक पुष्कळ आहेत, पण कुणी फोन करत नाही. आणि काम नसताना आपण तरी कसा करायचा? ती असताना घर भरलेलं असायचं. तिच्या खुणा असलेलं जुनं कालनिर्णय अजून भिंतीवर आहे, काढवत नाही.
– एक वाचक

काका,

घर भरलेलं असायचं, कारण काकू ते भरलेलं ठेवत होत्या. भाच्याला दहावीला किती मार्क पडले, कुणाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, कुणाकडे बारसं आहे, हे सगळं त्या लक्षात ठेवायच्या आणि तुमच्या दोघांच्या वतीनं चौकशी करायच्या. आपल्याकडे बहुतेक घरांत हे बायकाच करतात आणि त्याला कुणी काम म्हणत नाही. म्हणून नातेवाइकांनी तुम्हाला टाकलं, असं मनात आणू नका. त्यांना सवय काकूंच्या फोनची होती. शिवाय तुमच्याशी नेमकं काय बोलावं, या संकोचानं कितीतरी जण गप्प असतील.

आता ते काम तुमच्याकडे आलं आहे. कालनिर्णय मुळीच काढू नका. शेजारी यंदाचं लावा आणि त्यांच्या खुणा एकेक करून त्यात उतरवून घ्या. वाढदिवस, लग्नाचे वाढदिवस, कुणाची तिथी. ‘काम नसताना फोन कसा करायचा’ याचं उत्तर तिथेच त्यांच्या अक्षरात लिहिलेलं आहे. ग्रुपवर फुलांचं चित्र टाकून भागवू नका, फोनच करा. पहिल्या दोन-चार फोनना अवघडल्यासारखं होईल, समोरचा ‘काय काका, आज कशी आठवण काढली?’ म्हणेल. म्हणू दे. ‘आठवण आली म्हणून केला’ एवढं सांगितलं तरी पुरतं.

पहिला फोन काकूंच्या बहिणीला करावा, असं मला वाटतं. त्यांचीही बहीण गेली आहे, आणि तिच्याबद्दल मनसोक्त बोलायला तुमच्याइतकं जवळचं त्यांना कोण मिळणार? गावाला असतील तर एसटीनं जाऊन या. तुमच्या वयाला अर्धं तिकीट आहे. मुक्कामाला राहा.

साखर सांभाळता तसं हेही सांभाळायला हवं, असं मी म्हणते त्याला आधार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगानं 2025 साली अहवाल दिला. जगात दर 6 माणसांमागे 1 जण एकटेपणानं ग्रासलेला आहे, आणि त्यातून पक्षाघात, हृदयविकार, मधुमेह यांचा धोका वाढतो, असं त्यात म्हटलं आहे. तुम्ही रोज चालता ते फार चांगलं, फक्त एकटे चालू नका.

ज्येष्ठ नागरिक संघात जाऊन या, पण नुसते श्रोते म्हणून बसू नका. तुम्ही बँकेत आयुष्य काढलं आहे. नोव्हेंबरमध्ये पेन्शनवाल्यांची हयातीच्या दाखल्यासाठी धावपळ होते, कुणाला मोबाइलवरून तो भरता येत नाही, कुणाच्या बोटाचे ठसेच उमटत नाहीत. तिथे तुमच्यासारखा माणूस हवाच असतो. पुरुषांना समोरासमोर बसून मन मोकळं करणं जड जातं, हे मी इतक्या पत्रांतून पाहिलं आहे. हातात काम असलं की बोलणं आपसूक सुरू होतं.

एका गोष्टीची मला काळजी वाटते. मुलगी रविवारी ‘जेवलात ना? गोळ्या घेतल्या ना?’ विचारत असेल आणि तुम्ही ‘हो’ म्हणून फोन ठेवत असाल. मला लिहिलंत ते तिला सांगा. तिला त्रास नको म्हणून लपवता हे कळतं मला, पण लांब राहणाऱ्या लेकीला ‘सगळं ठीक आहे’ या शब्दांचाच जास्त घोर लागतो. आणि झोप उडाली असेल, अन्नावरची वासना गेली असेल, जगणंच नकोसं वाटत असेल, तर 14416 वर फोन करा. टेलिमानसची ही सरकारी सेवा मोफत आहे, मराठीतून बोलता येतं आणि रात्रीबेरात्रीही कुणीतरी उचलतं.

मेहुणीबाईंशी काय बोलणं झालं, ते मला जरूर कळवा.

तुमची,
ताई