कार्टेलसाठी, म्हणजे कंपन्यांनी आपसात केलेल्या संगनमतासाठी, स्पर्धा आयोगाने ठोठावलेला दंड अपिलात कमी होतो का?

हो, होऊ शकतो. पण त्यासाठी आधी 60 दिवसांत राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणात जावं लागतं, सर्वोच्च न्यायालय त्यानंतर. एक्सेल क्रॉप केअर या कंपनीच्या खटल्यातला सर्वोच्च न्यायालयाचा 2017 चा निकाल जरूर वाचा. धान्याला कीड लागू नये म्हणून वापरायच्या गोळ्यांच्या सरकारी निविदेत कंपन्यांनी एकच दर भरला होता. संगनमत सिद्धच राहिलं, मात्र दंड संपूर्ण उलाढालीवर न लावता फक्त त्या गोळ्यांच्या उलाढालीवर लावायचा, असं ठरलं. एक्सेलच्या दंडाचे सुमारे 63.90 कोटींचे 2.92 कोटी झाले! आता मात्र या निकालावर फार विसंबू नका. 2023 च्या दुरुस्तीनंतर दंडाची कमाल मर्यादा जागतिक उलाढालीवर मोजतात आणि अपिलासाठी दंडाची 25 टक्के रक्कम आधी भरावी लागते.