१९८३च्या जीप सीजे-७मधल्या इंजिनाजवळच्या सुट्या वायरी कशाच्या?

४.२ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन आणि कार्टर बीबीडी कार्ब्युरेटर (हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) असेल, तर बहुतेक वायरी एमिशन कॉम्प्युटरच्या, म्हणजे धूर आटोक्यात ठेवणाऱ्या कॉम्प्युटरच्या असतात. रंगावर फार विसंबू नका. चाळीस वर्षांच्या उष्णतेने आणि तेलाने सगळ्याच मातकट दिसतात. कनेक्टरपासून दोन-तीन इंच मागे टेप सोलली की मूळ रंग सापडतो.

कार्ब्युरेटरच्या मागच्या अंगाला स्टेपर मोटर असते. ती मीटरिंग पिना पुढे-मागे करून मिश्रण ठरवते; तिचा प्लग अनेक वायरींचा. एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे जाणारी वायर ऑक्सिजन सेन्सरची. इंजिन गरम झाल्यावर तिथे साधारण ०.१ ते ०.९ व्होल्ट हलते दिसायला हवेत. डिजिटल मीटरच लावा, काट्याचा नको. नळी आणि वायर दोन्ही जोडलेले डबे म्हणजे व्हॅक्यूम स्विच (इंजिनाच्या ओढीवर चालणारा) किंवा सोलेनॉइड (विजेवर चालणारी झडप).

आता खरा धोका. डिस्ट्रिब्युटरमधल्या पिकअपचा (फिरणं टिपणाऱ्या सेन्सरचा) सिग्नल आधी कॉम्प्युटरकडे जातो, मग इग्निशन मॉड्यूलकडे (स्पार्क पाडणाऱ्या डब्याकडे). म्हणून 'एमिशनचं आहे, काढून टाकू' म्हणत कॉम्प्युटर उपटला की स्पार्कच गायब! ही जोडणी वायरिंगच्या आकृतीवर तपासल्याशिवाय कटर हातात घेऊ नका.

ओळख पटवताना बॅटरीची निगेटिव्ह काढा, प्रत्येक टोकाला चिठ्ठी लावा, मग कंटिन्युइटी, म्हणजे वायर सलग आहे का, ते मीटरने पाहा. कॉम्प्युटरकडच्या वायरीवर बल्बवाला टेस्टर लावू नका, त्याचा करंट आतला ट्रान्झिस्टर जाळू शकतो. वायरीचा कनेक्टर हिरवट पडलेला असेल तर आधी पिना साफ करा. बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात.