‘नव्वद टक्के पॉझिटिव्ह’

गर्भाशयाच्या कॅन्सरचा रिपोर्ट घेऊन खानापूर, निपाणी, चिकोडीकडून माणसं येतात आणि विचारतात, “मॅडम, पॉझिटिव्ह आलंय. म्हंजे वाईटच न्हवं?” कोविडनं या शब्दाची पार वाट लावून ठेवली आहे.

अशाच एक आक्का. पाळी जाऊन बरीच वर्षं झाली आणि पुन्हा अंगावरून गेलं, म्हणून तपासणी झाली, पिशवी काढली. रिपोर्ट इंग्रजीत, दवाखान्यातलं बोलणं कन्नडात, घर मराठी. मुलानं ‘ईआर पॉझिटिव्ह, ९० टक्के’ एवढं वाचलं आणि तो गप्प झाला. त्याच्या गप्प बसण्यावरून आक्कांनी काय ते ओळखलं. बोरमाळ लेकीला देऊन टाकली.

मी लगेच धीर देत नाही. भीती नेमक्या कुठल्या शब्दात बसली आहे हे कळेपर्यंत धीर वाया जातो, असं माझं ठाम मत आहे. तिसऱ्या भेटीत विचारलं, “आक्का, नव्वद टक्के काय?”

“क्यान्सर की वो! नव्वद टक्के अंगात पसरलाय. धाच ऱ्हायलं.”

मुलगा खाली बघत होता. त्यानंही तेच वाचलं होतं.

मी सांगितलं, हा आकडा पसरण्याचा नाहीच. काढलेल्या गाठीचा तुकडा रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. शंभरातल्या नव्वद पेशींत ईआर, म्हणजे इस्ट्रोजेन या हार्मोनचा निरोप घेणारा रिसेप्टर सापडला, एवढाच त्याचा अर्थ. पिशवीच्या अस्तराच्या निरोगी पेशींतही तो असतोच. म्हणजे या पेशी बिघडल्या, तरी हार्मोनच्या हाकेला अजून ओ देतात.

आक्का बराच वेळ पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, “म्हंजे पोरगं वाया गेलंय, पण अजून घरचं ऐकतंय म्हणा.”

इतक्या वर्षांत मला हे इतकं नेमकं सांगता आलं नव्हतं. आता मी हेच वाक्य वापरते.

पण तिथं थांबू नका. ईआर आणि पीआर (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या हार्मोनचा रिसेप्टर) हे दोन्ही असलेली गाठ सहसा सौम्य वागते, रुग्ण बरा होण्याची शक्यता जास्त असते. तरी ते एकटे निकाल देत नाहीत. स्टेज कोणती (आजार कुठवर पसरलाय), ग्रेड किती (पेशी किती बिघडल्यात), गाठ पिशवीच्या स्नायूत किती खोल गेली, पी५३ या प्रथिनाची तपासणी कशी आली, हे डॉक्टरांना विचारायचंच. कागदावर मराठीत लिहून न्या. समोर कन्नडच चालत असेल, तर कन्नड येणारं माणूस सोबत घ्या. आणि रिपोर्ट आजाऱ्यापासून लपवू नका. न सांगितलेलं माणूस चेहऱ्यावरून वाचतं, आणि बहुतेक वेळा चुकीचं वाचतं.

जाताना मी बोरमाळेचं विचारलं.

“ऱ्हाऊ दे तिच्याकडं,” आक्का म्हणाल्या. “तिला शोभतीया.”