रोमन पेल्याचा काठ आणि बूड

प्रश्न : संग्रहालयातल्या काही रोमन काचपेल्यांचा काठ गोल, गुळगुळीत दिसतो, तर काहींचा कापल्यासारखा सपाट. दोन्ही फुंकूनच केलेले असतील, तर हा फरक का?

उत्तर : पेला फुंकनळीपासून, म्हणजे जिच्या टोकाला वितळलेली काच घेऊन आत हवा फुंकतात त्या नळीपासून, कसा सोडवला, यावर ते ठरतं. गोळा फुंकून बूड सपाट केलं, तरी तोंडाकडची बाजू नळीलाच चिकटलेली असते.

एक रीत अशी : पेला नळीपासून तोडायचा, वरच्या जादा काचेसकट सावकाश निववायचा आणि मग काठ हवा तिथे चर पाडून वरचं टोपण तडकवायचं. उरलेली धार ओठ कापेल अशी असते, म्हणून ती घासावी लागते. तोच सपाट काठ. निववताना घाई केली, तर काचेत ताण राहतो आणि पेला पुढे केव्हाही तडकतो. ही फेकलेली टोपणं उत्खननात सापडली, की तिथे काच फुंकली जायची हे पक्कं समजावं.

दुसऱ्या रीतीत बुडाला काचेच्या ठिपक्याने लोखंडी सळई चिकटवतात, नळी सोडवतात आणि तोंड पुन्हा भट्टीत धरतात. मऊ झालेला काठ आपसूक गोल होतो. खरं कसब सळईचं आहे. ठिपका फार गरम असला तर सुटताना बुडाचा तुकडाही ओढून नेतो, फार निवलेला असला तर पेला मधेच गळून पडतो. नीट सुटली तरी बुडाच्या मध्यावर खरबरीत वण राहतो. सळईचा वापर इ.स.च्या पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात रुळला. सपाट काठाच्या पेल्यावर असा वण सहसा नसतो, म्हणून काठ पाहिलात की बूडही पाहा.

प्रश्न : असे पेले फक्त श्रीमंतांकडेच असत का?

उत्तर : नाही. फुंकण्याची कला इ.स.पू. पहिल्या शतकात सीरिया-पॅलेस्टाइनच्या पट्ट्यात निघाली आणि काच स्वस्त झाली. रोममध्ये तांब्याच्या एका नाण्याला काचेचा पेला मिळतो, असं स्ट्रॅबो या प्राचीन ग्रीक भूगोलकाराने लिहून ठेवलंय.

प्रश्न : त्यांच्यावरची इंद्रधनुषी झळाळी मुद्दाम दिलेली असते का?

उत्तर : नाही, ती मातीची करामत. ओलाव्याने काचेतला सोडा झिरपून जातो, पृष्ठभागाचे पातळ पापुद्रे होतात आणि त्यांच्यावर प्रकाश रंग फेकतो. मूळ काच बहुधा फिकट निळसर-हिरवी असते, वाळूतल्या लोहामुळे. रंग घालवायचा तर अँटिमनी किंवा मँगनीज मिसळत. झळाळी घासून ‘स्वच्छ’ करू नये. ते पापुद्रे म्हणजे पेल्याचीच काच असते.